हेअरलाइन स्टीलवर फिल्मचा गम का राहतो, आणि पुढच्या वेळी काय करावं

नाशिकच्या अंबड भागात फॅब्रिकेशन करणाऱ्या एका उद्योजकांनी विचारलं आहे, ते थोडक्यात असं. ३०४ ग्रेडच्या हेअरलाइन, म्हणजे एकाच दिशेने बारीक रेघा असलेल्या, स्टेनलेस स्टील शीटचे लिफ्ट लॉबीचे पॅनल त्यांनी मार्चमध्ये साइटवर पोचवले. सिव्हिलचं काम लांबलं, म्हणून पॅनल गच्चीवर निळ्या ताडपत्रीखाली एकावर एक पडून राहिले. जूनमध्ये शीटवरची संरक्षक प्लास्टिक फिल्म काढायला घेतली, तर काही पॅनलवर गम तसाच राहिला आणि काहींवर फिल्मच नखाएवढ्या तुकड्यांनी निघू लागली. कारागीर थिनरने पुसतात, पण डाग जाण्याऐवजी पसरतो. आता गोव्यातल्या एका हॉटेलची ऑर्डर हातात आहे. पॅनल पावसाळ्याआधी बसणार आणि ताबा दिवाळीनंतर दिला जाणार. त्यांचा प्रश्न असा, की गम न सोडणारी फिल्म कोणत्या कंपनीची घ्यावी?

कंपनीचं नाव सांगून तुमचं काम होणार नाही. एकाच कंपनीच्या यादीत वेगवेगळ्या गमाच्या, जाडीच्या आणि रंगाच्या कितीतरी फिल्म असतात. त्यातली एक मिरर फिनिशवर सुरेख चालते आणि तीच हेअरलाइनवर कटिंगच्या आधीच सुटून येते. खरा प्रश्न असा आहे, की ही फिल्म कोणत्या पृष्ठभागावर, किती दिवस आणि किती उन्हात राहणार आहे. शीट विकणारा फिल्म लावतो तेव्हा त्याला तुमची गच्ची माहीत नसते. त्याची फिल्म शीट तुमच्या दारात येईपर्यंत, फार तर कटिंग आणि बेंडिंग होईपर्यंत टिकावी, एवढाच त्याचा हिशेब असतो. पुढचे तीन महिने तुम्ही त्या फिल्मवर लादलेत. पण काही पॅनलच्या बाबतीत दोष फिल्मचाही असू शकतो, आणि ते ओळखता येतं.

आधी अडकलेले पॅनल सोडवू. कारागिरांच्या हातातलं एनसी थिनर, म्हणजे रंग पातळ करायचं द्रावण, बाजूला ठेवायला सांगा. ते गम विरघळवतं खरं, पण इतक्या पटकन उडून जातं, की विरघळलेला गम पुसला जाण्याआधीच पुन्हा शीटवर बसतो, आणि आता तो हेअरलाइनच्या खाचांमध्ये पातळ थराने पसरलेला असतो. तुम्हाला दिसतो तो पसरलेला डाग हाच. शिवाय बंद लॉबीत थिनरच्या वाफा आणि शेजारी कोणाचं वेल्डिंग चालू, हे दृश्य साइटवर नेहमीचं आहे आणि जिवावर बेतणारं आहे.

चिकट, ओढल्यावर तार येणारा गम बहुतेक वेळा रबर जातीचा असतो. त्याला एमटीओ, म्हणजे मिनरल टर्पेंटाइन, चांगलं लागू पडतं. ते सावकाश उडतं, म्हणून गम फुगायला वेळ मिळतो. पांढरं सुती कापड भिजवून डागावर अंथरा, वरून प्लास्टिकचा तुकडा ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका. मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने दाण्याच्या, म्हणजे शीटवरच्या रेघांच्या, दिशेने गम लोटा. आडवं किंवा गोल घासायचं नाही. कापड दर वेळी बदला, नाहीतर काढलेला गम पुढच्या पॅनलवर जाईल. शेवटी कोमट साबणाचं पाणी, साधं पाणी आणि कोरडं कापड. एमटीओचा तेलकटपणा राहिला तर त्यावर धूळ बसते आणि गिऱ्हाईक म्हणतं गम अजून आहे. गम ॲक्रिलिक जातीचा असेल तर एमटीओने तो हलणार नाही. तिथे आधी आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, वापरून बघा आणि तेही पुरत नसेल तर इथाइल ॲसिटेट. काहीही वापरलं तरी आधी मागच्या बाजूला कोपऱ्यात तपासा, हातात नायट्राइलचे मोजे घाला आणि खिडक्या उघड्या ठेवा.

लोखंडी तारेचा घासा किंवा गॅरेजमधलं कॉटन वेस्ट या कामाला अजिबात नको. घाशाचे लोखंडी कण खाचेत अडकतात आणि पुढच्या दमट हवेत तिथे गंज दिसतो. मग स्टीललाच दोष दिला जातो.

जिथे फिल्मच तुकड्यांनी निघते, तिथे सॉल्व्हंट, म्हणजे गम विरघळवणारं द्रावण, उपयोगाचं नाही, कारण ते फिल्मच्या आरपार जात नाही. तिथे हॉट एअर गन सतत फिरती ठेवून शीट एवढी तापवा, की हात ठेवला तर जेमतेम सहन व्हावा. मग कोपऱ्यातून उचलून, फिल्म मागे दुमडून, शीटला जवळजवळ समांतर ओढत न्या. घाईने झटका दिला की तुकडा पडतो. उलट, गम मऊ होऊन ओघळला असेल तिथे उष्णता देऊ नका. असे पॅनल सावलीत ठेवून सकाळी लवकर, शीट गार असताना सोला. गरम असताना गमाची आतली पकड ढिली पडते. तो मधोमध फाटतो, अर्धा फिल्मबरोबर जातो आणि अर्धा शीटवर राहतो. एकाच साइटवर काही पॅनल तापवून आणि काही गार करून सोलावे लागतात, याचं कारागिरांना नवल वाटतं. पण दोन्हीकडचा बिघाड वेगळा आहे.

आता बिघाड ओळखायचा कसा. काढलेली फिल्म कचऱ्यात टाकण्याआधी उलटी करून आतल्या बाजूवर बोट फिरवा. मी कुठल्याही तक्रारीत पहिल्यांदा हेच करतो, आणि पुरवठादाराशी बोलताना हाच पुरावा कामाला येतो.

फिल्मची आतली बाजू कोरडी, गुळगुळीत आणि अजिबात चिकट नाही, आणि सगळा गम शीटवर एकसारखा, तर गमाने फिल्मची साथ सोडली आहे. पॉलिथिलिनवर मुळात काही चिकटत नाही. म्हणून फिल्म बनवताना तिच्या एका बाजूवर कोरोना ट्रीटमेंट करतात, म्हणजे विजेच्या झोताने तो पृष्ठभाग गम धरण्यालायक करतात, आणि मग त्यावर गम चढवतात. ही ट्रीटमेंट कमी पडली किंवा गम नीट सुकला नाही, तर सोलताना गम शीटकडे जातो. हा फिल्म बनवणाऱ्याचा दोष आहे आणि त्यावर तुम्ही हक्काने भरपाई मागू शकता.

दोन्ही बाजू चिकट, म्हणजे फिल्मवरही गम आणि शीटवरही, तर गम स्वतःच कुजला आहे. नैसर्गिक रबराचा गम ऊन आणि ऑक्सिजन यांनी तुटत जातो. आधी तो मऊ, लिबलिबीत होतो आणि पुढे कडक होऊन पिवळा पडतो. हा उष्णतेचा आणि वेळेचा परिणाम. फिल्मच फाटते, हाताने चुरली की कुरकुरते, तर अतिनील किरणांनी पॉलिथिलिन मेलं आहे. ते फक्त वरच्या दोन-चार पॅनलवर, किंवा ताडपत्रीबाहेर डोकावणाऱ्या कडांवरच झालेलं दिसेल. तुमच्या ढिगात खालचे पॅनल चिकट आणि वरचे तुकडे पडणारे असतील, तर निदान झालंच म्हणून समजा.

चौथा एक प्रकार असतो, ज्याला आम्ही सावली म्हणतो. हाताला काही लागत नाही, पण तिरक्या उजेडात फिल्मच्या कडेची रेघ किंवा जुन्या बुडबुड्याचा गोल डाग दिसतो. मिरर फिनिशवर तो जास्त खटकतो. फिल्म लावताना शीटवर रोलिंगचं तेल राहिलं असेल किंवा फिल्म ताणून लावली असेल, तर हे होतं. बऱ्याचदा साबणाच्या पाण्याने आणि आयपीएने तो जातो. काही वेळा जात नाही, आणि तेव्हा पॉलिश करणाऱ्यालाच बोलवावं लागतं.

यामागचं कारण समजलं की निवड सोपी होते. गम हा फार घट्ट द्रव असतो आणि तो लावल्यानंतरही हळूहळू वाहत राहतो. फिल्म लावली त्या दिवशी गम हेअरलाइनच्या खाचांच्या फक्त शिखरांना टेकलेला असतो. दिवस जातात, ऊन वाढतं, वरच्या पॅनलचं वजन पडतं, तसा तो खाचांमध्ये उतरतो. स्पर्शाचं क्षेत्रफळ वाढतं आणि त्याबरोबर पकड वाढते. सोलताना खाचेत उतरलेला गम तिथेच तुटतो, म्हणून तुमच्या शीटवर डाग सलग न दिसता रेषा-रेषांनी दिसतो. म्हणजे लेबलवर लिहिलेली पकड हा फक्त सुरुवातीचा आकडा आहे. तोही चाचणीच्या स्टील पट्टीवर, ठरावीक वेगाने, साधारण १८० अंशांत सोलून काढलेला असतो. तुमचं स्टील आणि तुमचा मे महिना त्यात नसतो. फिल्म लावण्याच्या दिवसाकडे बघून निवडायची नाही, काढण्याच्या दिवसाकडे बघून निवडायची.

म्हणून माझा नियम असा, की काम निभावेल तेवढी कमीत कमी पकड घ्यावी. मिरर किंवा बीए (ब्राइट ॲनील्ड, चकचकीत) फिनिश गुळगुळीत असतं, गम पहिल्याच दिवशी सगळीकडे टेकतो, त्यामुळे कमी पकडीची फिल्म पुरते. हेअरलाइन आणि नंबर चार (बारीक घासलेलं) फिनिश खरबरीत असतात, तिथे गमाचा थर थोडा जाड लागतो. पावडर कोटिंगचा प्रश्न वेगळाच. काही पावडरींमध्ये मेण असतं आणि फिल्म धरतच नाही, काहींवर इतकी धरते की काढताना चमक बदलते. तिथे दर नव्या पावडरीवर नमुना तपासल्याशिवाय मी हो म्हणत नाही. ओव्हनमधून निघालेला माल नीट गार होण्याआधी फिल्म लावणं हाही तिथला नेहमीचा घोळ.

उन्हात राहणार असेल तर पारदर्शक किंवा निळी फिल्म साध्या रबर गमाची घेऊ नका. बाजारात काळी-पांढरी फिल्म मिळते. तिचा बाहेरचा थर पांढरा असतो, तो उष्णता परतवतो. आतला काळा थर उजेड गमापर्यंत पोचू देत नाही. ॲक्रिलिक गम उन्हाला जास्त टिकतो, पण त्याची पकड वेळेबरोबर चढत जाते, म्हणून त्यातही पकड आटोक्यात ठेवलेला, क्रॉसलिंक केलेला, म्हणजे ज्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या आहेत असा, ग्रेड मागा. पुरवठादाराला नुसतं ‘यूव्ही फिल्म द्या’ म्हणू नका. किती महिने बाहेर चालेल, काढताना शीटचं तापमान किती असावं आणि रोल बनल्यापासून किती दिवसांत लावावा, हे त्याच्याकडून लेखी घ्या. जुना रोल स्वस्तात मिळतो, पण त्याच्या गमाचं आयुष्य गोडाऊनमध्येच निम्मं संपलेलं असतं.

तपासणी तुमच्या शॉपमध्येच होते, त्याला प्रयोगशाळा लागत नाही. तुमच्याच शीटच्या कटपीसवर फिल्म लावा, रबरी रोलर दाबून फिरवा आणि कटरने २५ मिमी रुंदीच्या पट्ट्या पाडा. दुसऱ्या दिवशी एका पट्टीचं टोक उचलून त्याला सामानाचं वजन करायचा लटकता डिजिटल काटा अडकवा आणि एकाच संथ वेगाने ओढत आकडा लिहून ठेवा. दुसरा कटपीस ओळखीच्या पावडर कोटिंगवाल्याच्या किंवा कोणाच्याही छोट्या ओव्हनमध्ये ७० अंश सेल्सिअसला आठवडाभर ठेवा. तिसरा गच्चीवर, खऱ्या उन्हात. बाहेर काढल्यावर शीट पूर्ण गार होऊ द्या आणि मगच ओढा. ओव्हनमधल्या पट्टीचा आकडा पहिल्याच्या दुपटीपुढे गेला, किंवा शीटवर बोट फिरवल्यावर जराही ओढ लागली, तर ती फिल्म लांबच्या कामाला मी घेत नाही. सात दिवसांत तुमच्या तीन महिन्यांची बरीचशी कल्पना येते. उन्हाचा परिणाम मात्र ओव्हन दाखवत नाही, म्हणून गच्चीवरचा तुकडा टाळू नका.

कटिंगबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी निवडीशी त्याचा संबंध आहे. तुमच्याकडे किंवा तुमच्या जॉबवर्कवाल्याकडे शीट कापायला आता फायबर लेझर असेल. सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या, लेझरचा किरण पॉलिथिलिन शोषून घेतं आणि फिल्म रेषेवर स्वच्छ जळते. फायबरचा किरण पारदर्शक फिल्ममधून बराचसा आरपार जातो. मग खालचं तापलेलं स्टील फिल्म वितळवतं, ती कडेला गोळा होते आणि कापताना सोडलेल्या नायट्रोजनचा दाब तिच्याखाली घुसून फुगा करतो. म्हणून लोक जास्त पकडीची फिल्म घेतात आणि कटिंगचा प्रश्न सुटतो. तोच प्रश्न पुढे साइटवर गम होऊन उभा राहतो. त्यापेक्षा फायबरसाठी बनवलेली फिल्म घ्या, किंवा ऑपरेटरला आधी कमी पॉवरवर फक्त फिल्म जाळणारी एक फेरी मारायला सांगा. वेळ थोडा जास्त जातो, पण कड स्वच्छ येते.

फाटलेल्या फिल्मवर खाकी पॅकिंग टेप किंवा मास्किंग टेप मारायची सवयही थांबवा. रिचर्ड ड्रू यांनी थ्रीएममध्ये १९२५ साली मास्किंग टेप तयार केली ती मोटारींना दुरंगी रंग देणाऱ्यांसाठी. रंग सुकला की टेप काढायची, एवढंच तिचं काम होतं. साधी कागदी मास्किंग टेप अजूनही काही तासांचीच सोबतीण आहे. ती स्टीलवर महिनाभर उन्हात ठेवली की कागद निघतो आणि गम राहतो. फिल्म फाटली तर त्याच फिल्मचा तुकडा लावा.

वेड्यावाकड्या आकारांसाठी, जसं बेसिन किंवा हातकामाचे कठडे, फवारून किंवा ब्रशने लावायचे सोलता येणारे लेप मिळतात. त्यात एकच पथ्य: थर पुरेसा जाड द्या. पातळ थर कधीच सलग सोलून निघत नाही. तुमच्या सपाट पॅनलना त्यांची गरज नाही.

आता गोव्याचं काम. इथे माझं मत ठाम आहे: बसवलेल्या पॅनलवर फिल्म ठेवून पावसाळा काढू नका, फिल्म कितीही चांगली असो. समुद्राच्या हवेत क्लोराइड असतं. कोपऱ्यातून फिल्मखाली पाणी शिरलं की ते सुकत नाही, मीठ मात्र साठत जातं, आणि त्या अरुंद फटीत स्टीलवर चहाच्या रंगाचे डाग पडतात. गम पुसता येतो, तो डाग पुसून जाईलच असं नाही. पावसाने धुऊन निघणाऱ्या भिंतीपेक्षा आडोशाची लॉबी यात जास्त अडचणीची, कारण तिथलं मीठ कोणी धूत नाही. हॉटेल किनाऱ्याजवळ असेल तर ३०४ ऐवजी ३१६ घेण्याबद्दल आर्किटेक्टशी आत्ताच बोला. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि क्लोराइडला ते बरंच जास्त तोंड देतं. हेअरलाइनचा दाणा उभा ठेवायचा, म्हणजे पाणी आणि मीठ खाचांत न थांबता खाली उतरतं.

काम असं लावा. वर्कशॉपमध्ये नवी, तपासलेली फिल्म. वेल्डिंगच्या रेषेपासून फिल्म दोन इंच मागे सोला, नाहीतर जळलेला गम काळा होऊन बसतो. पॅनल बसवताना स्क्रू, ब्रॅकेट आणि सिलिकॉनच्या सांध्याखाली फिल्म अडकू देऊ नका. सांध्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर पट्टी आधीच कापून काढा. सिलिकॉनखाली गेलेली फिल्म पुढे कटरनेच काढावी लागते आणि कटर शीटवर ओरखडा ठेवून जातो. पॅनल बसले, सांधे सुकले, की सगळी फिल्म काढा, गोड्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा आणि कोरडं पुसा. मग संरक्षणासाठी समोर सनपॅकच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, पोकळ शीट उभ्या करा, ज्या भिंतीला किंवा चौकटीला टेपने धरलेल्या असतील, स्टीलला नाही. मागे हवा खेळती राहील एवढी फट ठेवा. ताब्यापर्यंत महिन्याला एकदा शीट सरकवून पॅनल धुवायचे, एवढं मुख्य ठेकेदाराकडून लिहून घ्या.

त्या ठेकेदाराला आणखी एक सांगा. फरशी धुण्याचं ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक, तुमचे पॅनल बसल्यानंतर त्या मजल्यावर येता कामा नये. त्याच्या नुसत्या वाफेने स्टील गंजतं, आणि फिल्म किंवा सनपॅक ती वाफ अडवत नाही. फरशीचं काम आधी उरकून घ्या, नाहीतर ॲसिड नसलेला क्लीनर वापरायला लावा.

प्रत्येक पॅनलच्या मागे एक छोटं लेबल चिकटवा: फिल्मचा लॉट नंबर, लावल्याची तारीख आणि काढायची शेवटची तारीख. डिलिव्हरी चलनावरही तीच तारीख छापा आणि साइट इंजिनिअरची सही घ्या. साइट लांबली तर पॅनल गच्चीवर न ठेवता सावलीत, लाकडी पट्ट्यांवर उभे ठेवायला सांगा. तारीख उलटून गेली तर फिल्म काढून नवी लावण्याचा खर्च कोणाचा, हे गोव्याच्या कोटेशनमध्येच घाला. मार्चच्या चलनावर अशी तारीख असती तर आज त्या पॅनलच्या सफाईचं बिल कोणाला द्यायचं, यावर वाद झाला नसता.